ईमॅक्स आणि तीन भाषा: कंट्रोल, ऑल्ट आणि भाषा बदलायचं बटण यांची वाटणी कशी करावी?

मार्कंडेयकाठ (टिळकवाडी, बेळगाव)

नमस्कार मंडळी. माझं बहुतेक काम ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरमध्ये चालतं. दिवसा कोड, आणि संध्याकाळी घरच्या जमिनीच्या कागदांचं टिपण. पहाणी (जमिनीचा उतारा) कन्नडमध्ये येते, आजोबांच्या वेळची वाटणीपत्रं मराठीत आहेत, आणि वकिलांना सगळ्याचा गोषवारा इंग्रजीत लागतो. त्यामुळे एकाच फाइलमध्ये तिन्ही भाषा येतात. उबुंटू लिनक्सवर तीन लेआउट (बटणांच्या मांडण्या) घातलेत: इंग्रजी, मराठी इनस्क्रिप्ट आणि कन्नड इनस्क्रिप्ट (इनस्क्रिप्ट म्हणजे भारतीय लिप्यांचा प्रमाण लेआउट). भाषा बदलायला ऑल्ट आणि शिफ्ट, कारण विंडोजपासून बोटांना तीच सवय आहे.

आता त्रास सांगतो. मराठी लिहिताना मध्येच फाइल सेव्ह करायला कंट्रोल-एक्स दाबलं की खालच्या ओळीत येतं, 'कंट्रोल-अनुस्वार' नावाची कमांड नाही. फाइलच्या सुरुवातीला जायला ऑल्ट-शिफ्ट-स्वल्पविराम दाबावं तर भाषाच बदलते आणि 'मेटा-ष' सापडत नाही म्हणून तक्रार येते. मजकूर निवडायला कंट्रोल-स्पेस दाबलं तर काहीच होत नाही. शिवाय डावी करंगळी दुखायला लागली आहे.

लिब्रेऑफिसमध्ये मराठी चालू असतानाही कंट्रोल-एस व्यवस्थित चालतं. मग ईमॅक्समध्येच असं का? एडिटर बदलायचा नाही, एवढी एकच अट.

मलप्रभा (खानापूर)

तुमच्या पोस्टमध्ये चार वेगळ्या तक्रारी एकात मिसळल्या आहेत. चौघींची कारणं वेगळी आहेत, म्हणून सुट्या करून बघू.

पहिली, कंट्रोल-अनुस्वार. इनस्क्रिप्टमध्ये एक्सच्या बटणावर अनुस्वार आहे, एसवर एकाराची मात्रा, केवर क. सिस्टिमचा लेआउट मराठी असला की ईमॅक्सला एक्स कधी पोचतच नाही, पोचतो तो अनुस्वार. लिब्रेऑफिस आणि ब्राउझर ज्या टूलकिटवर (खिडक्या-मेनू बनवायच्या तयार साहित्यावर) बांधलेत ते शॉर्टकट आला की बाकीच्या लेआउटांमध्ये त्या बटणावर कुठलं रोमन अक्षर आहे ते शोधून घेतात. ईमॅक्स तसं शोधत नाही. जे अक्षर हातात आलं तेच खरं मानतो. यात बिघाड काही नाही, त्याची रीतच ती.

दुसरी, मेटा-ष. ऑल्ट-शिफ्टवर भाषा बदलणं ठेवलंत आणि ईमॅक्समध्ये ऑल्ट म्हणजे मेटा. फाइलचं पहिलं टोक, शेवटचं टोक, शोधून बदलणे, हे सगळं ऑल्ट-शिफ्ट धरूनच होतं. तुम्ही ऑल्ट धरून शिफ्ट दाबलंत त्याच क्षणी लेआउट मराठी झाला, आणि मग स्वल्पविरामाच्या बटणावर शिफ्टसह जे अक्षर आहे ते आलं. ते अक्षर ष.

तिसरी, कंट्रोल-स्पेस. तुमच्याकडे आयबस किंवा एफसीआयटीएक्स (लिनक्सवर भाषा लिहायला मदत करणारे प्रोग्रॅम) चालू आहे का बघा. एफसीआयटीएक्स ५ चं भाषा चालू-बंद करायचं ठरलेलं बटण कंट्रोल-स्पेसच असतं, जुन्या आयबसचंही तेच होतं. ते दाबणं ईमॅक्सपर्यंत येण्याआधीच वाटेत उचललं जातं.

चौथी, करंगळी. तिच्यावर शेवटी येते, कारण पहिल्या तीन सुटल्या की तिचा भारही बराच उतरतो.

माझं म्हणणं एका वाक्यात असं: एडिटरला हुकूम देणारी बटणं आणि भाषा बदलणारी बटणं यांची सरमिसळ होऊ देऊ नका. आपण सीमाभागातले लोक दिवसभरात भाषा इतक्यांदा बदलतो की पुण्या-मुंबईच्या माणसाला जी अडचण महिन्यातून एकदा येते ती आपल्याला दर परिच्छेदाला येते. म्हणून ही वाटणी आपण नीट, विचार करून केली पाहिजे.

ईमॅक्सपुरता उपाय सांगते. सिस्टिमचा लेआउट इंग्रजीच ठेवा आणि मराठी-कन्नड ईमॅक्सच्या आतल्या इनपुट मेथडने (रोमन बटणांतून दुसरी लिपी उमटवणाऱ्या सोयीने) लिहा. देवनागरी-इनस्क्रिप्ट आणि कन्नड-इनस्क्रिप्ट या दोन्ही त्यात आधीपासून आहेत, वेगळं काही बसवावं लागत नाही. कंट्रोल आणि उलटी तिरकी रेघ दाबली की चालू, पुन्हा दाबली की बंद. त्याआधी कंट्रोल-यू दाबलं तर कुठली हवी ते विचारतो. ही मेथड फक्त साध्या अक्षरांना हात लावते. कंट्रोल किंवा मेटा धरलेलं बटण तिच्या वाट्याला जातच नाही, त्यामुळे मराठी चालू असतानाही कंट्रोल-एक्स हा कंट्रोल-एक्सच राहतो.

अनगोळ नाका

मलप्रभाताई, एक शंका. मी इंजिनिअरिंगला आहे, इनस्क्रिप्ट येत नाही. लिनक्सच्या यादीत मराठीला 'कगप' नावाचा फोनेटिक (रोमन उच्चाराप्रमाणे बटणं असलेला) लेआउट दिसतो. तो चालेल का?

मलप्रभा (खानापूर)

चालेल की. कगप म्हणजे बेंगळुरूची कन्नड गणक परिषत. कन्नड लिहायचं नुडी सॉफ्टवेअर त्यांचंच. त्यांचा कन्नड फोनेटिक लेआउट लिनक्समध्ये आला आणि त्याच धर्तीवर मराठीलाही तयार झाला. म्हणजे कॉलेजात नुडीवर हात बसला असेल तर मराठीही त्याच बोटांनी येते.

तरीही वेळ काढून इनस्क्रिप्ट शिकावं असं मी सांगेन, आणि ते आपल्या भागासाठी मुद्दाम सांगते. इनस्क्रिप्टमध्ये सगळ्या भारतीय लिप्यांचा क एकाच बटणावर आहे, र एकाच, ळ एकाच. मराठी शिकलात की कन्नडही शिकून झालं. कन्नडमधले ऱ्हस्व ए आणि ओ तेवढे वेगळे लक्षात ठेवायचे. बेळगावात बसून दोन लिप्या लिहिणाऱ्याला याहून मोठी सोय दुसरी नाही. व्यंजनं उजव्या हाताला, स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, त्यामुळे हात आलटून पालटून चालतात आणि वेगही येतो.

एक भेद ध्यानात ठेवा. कगप सिस्टिमच्या पातळीवरचा लेआउट आहे, म्हणजे तो चालू असताना ईमॅक्समध्ये वर सांगितलेली कंट्रोलची अडचण येणारच. फोनेटिकच हवं तर ईमॅक्सच्या आत देवनागरी-आयट्रान्स आणि कन्नड-आयट्रान्स आहेत, ते घ्या.

शहापूर डीटीपी

लग्नपत्रिका, हँडबिलं, संस्थांचे अहवाल, हे आमचं काम. मराठी आणि कन्नड दोन्ही. माझा हात रेमिंग्टनवर (जुन्या टाइपरायटरच्या मांडणीवर) बसलेला आहे आणि तो आता बदलणार नाही. पण मलप्रभा म्हणतात ते भाषा बदलायच्या बटणाचं अगदी खरं. नुडीत भाषा बदलायला स्क्रोल लॉक असतं. त्या बटणाला दुसरं काही कामच नाही, त्यामुळे ते कधी कुणाच्या आड आलं नाही. माझ्या मुलाच्या लॅपटॉपवर मात्र स्क्रोल लॉकच नाही.

आणि एक विचारतो. आम्ही दिवसभर एकाच एडिटरात नसतो. पत्र लिब्रेऑफिसमध्ये, मेल ब्राउझरमध्ये. तिथं सिस्टिमचा लेआउट लागतोच. मग ईमॅक्समध्ये वेगळी रीत आणि बाहेर वेगळी, हे डोक्यात कसं राहणार?

मलप्रभा (खानापूर)

काका, प्रश्न रास्त आहे. सिस्टिमचे लेआउट काढू नका. दोन गोष्टी करा.

एक म्हणजे भाषा बदलायचं बटण ऑल्ट, शिफ्ट, कंट्रोल या तिघांपासून दूर न्या. ग्नोममध्ये (उबुंटूच्या डेस्कटॉपमध्ये) सुपर-स्पेस आधीपासून असतंच, सुपर म्हणजे विंडोजचं चिन्ह असलेलं बटण. डेस्कटॉपचा मोठा कीबोर्ड असेल तर तुमचं स्क्रोल लॉक लिनक्सलाही चालतं, एक्सकेबीच्या (लिनक्समध्ये कीबोर्डचे लेआउट सांभाळणाऱ्या यंत्रणेच्या) पर्यायांत ते आहे. मेनूचं बटणही चालतं. एक्सकेबीत एका वेळी चारच लेआउट ठेवता येतात, आपल्याला तीन पुरतात.

दुसरी गोष्ट फार कमी लोक वापरतात. ग्नोमच्या सेटिंगमध्ये कीबोर्डखाली 'प्रत्येक विंडोला वेगळा लेआउट' असा पर्याय आहे, केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपमध्येही आहे. तो लावला की लिब्रेऑफिसची खिडकी कन्नडमध्ये राहते, ब्राउझर मराठीत, आणि ईमॅक्सची खिडकी कायम इंग्रजीत. खिडकी बदलली की लेआउट आपोआप बदलतो. ईमॅक्सच्या आत काय चालू आहे त्याचा बाहेरच्याशी संबंध उरत नाही.

मार्कंडेयकाठ (टिळकवाडी, बेळगाव)

प्रत्येक विंडोचा पर्याय लावला, कंट्रोल-स्पेसही मोकळं झालं. एफसीआयटीएक्सच होतं. त्याचं बटण काढून टाकलं. मधल्या काळात कुणाला अडलं तर कंट्रोल-ॲट हेही मार्क (निवडीच्या सुरुवातीची खूण) लावतं, हे मला मॅन्युअलमध्ये दिसलं.

आता दोन भाषांमधलं जाणं-येणं. कंट्रोल-उलटी रेघ ही फक्त शेवटची मेथड चालू-बंद करते. मराठीतून कन्नडमध्ये जायला दर वेळी नाव निवडावं लागतं. यावर काय?

मलप्रभा (खानापूर)

ईमॅक्सच्या आत तीन भाषांना आलटून पालटून फिरवणारं एकच बटण ठेवूच नका. दोन भाषा असतात तेव्हा टॉगल ठीक आहे. तीन झाल्या की आता आपण कुठे आहोत हे बघायला प्रत्येक वेळी मान वर करावी लागते. त्यापेक्षा प्रत्येक भाषेला स्वतःचं बटण द्या. मराठीचं बटण दाबलं की आधी काहीही असो, मराठी.

ईमॅक्समध्ये कंट्रोल-सी आणि त्यापुढे एक अक्षर ही जागा वापरणाऱ्यासाठी राखून ठेवलेली आहे, कुठलंही शिस्तीत लिहिलेलं पॅकेज तिथे घुसत नाही. एफ-५ ते एफ-९ हीसुद्धा तशीच राखीव. मी कंट्रोल-सी एम वर देवनागरी-इनस्क्रिप्ट, कंट्रोल-सी के वर कन्नड-इनस्क्रिप्ट आणि कंट्रोल-सी ई वर इनपुट मेथड बंद, असं बांधलंय. सेट-इनपुट-मेथड या फंक्शनला मेथडचं नाव द्यायचं, बस. सुपर-एम वगैरे घेऊ नका. ग्नोम सुपरच्या बऱ्याच जोड्या स्वतःकडे ठेवतो आणि विंडोजवर तर सुपर-एल दाबलं की कॉम्प्युटर लॉकच होतो, ते कुठल्याही एडिटरला अडवता येत नाही.

आणि कर्सरचा रंग बदला. इनपुट मेथड चालू होताना आणि बंद होताना हुक (आपोआप चालणारी फंक्शनं) चालतात, त्यात कर्सरचा रंग ठरवायचा. माझा मराठीला केशरी, कन्नडला हिरवा, इंग्रजीला काळा. नजर जिथे आहे तिथेच उत्तर मिळतं.

वेदगंगा (निपाणी)

मॅकवाल्यांसाठी थोडं. मॅकच्या ईमॅक्समध्ये ऑप्शन म्हणजे मेटा आणि कमांड म्हणजे सुपर असं येतं. काही जण कमांडलाच मेटा करतात, कारण ते स्पेसच्या शेजारी अंगठ्याखाली येतं. मी तसंच केलंय. पण उजवं ऑप्शन मात्र एडिटरला देऊ नका. त्याचा मॉडिफायर 'नन' ठेवला की ते सिस्टिमकडे जातं आणि खास चिन्हं काढायला मोकळं राहतं.

कॅप्स लॉकचा कंट्रोल करायला मॅकवर काहीच बसवावं लागत नाही. सिस्टिम सेटिंगमध्ये कीबोर्डखाली मॉडिफायर कीज आहे, आणि प्रत्येक कीबोर्डला वेगळं ठेवता येतं. बाहेरचा विंडोजचा कीबोर्ड जोडत असाल तर तिथेच ऑप्शन-कमांडची अदलाबदल करून घ्या, म्हणजे बोटांना जागा तीच राहते.

मलप्रभा (खानापूर)

उजव्या बाजूचं हे लिनक्स-विंडोजलाही लागू आहे. उजवं ऑल्ट म्हणजे ऑल्ट-जीआर, आणि आपल्याला ते लागतं. इंग्रजी (भारत) लेआउटवर ऑल्ट-जीआर आणि ४ दाबलं की रुपयाचं चिन्ह येतं. सुधारित इनस्क्रिप्टची काही अक्षरंही त्याच्याखाली आहेत. म्हणून डावं ऑल्ट मेटा, उजवं ऑल्ट अक्षरांसाठी. दोन्ही मेटा करून टाकले तर पावतीवर रुपया लिहायची पंचाईत.

विंडोज आतल्या आत ऑल्ट-जीआर म्हणजे डावं कंट्रोल अधिक उजवं ऑल्ट असंच धरतं. ईमॅक्सला हे ठाऊक असतं, तो नीट ओळखतो. बाकी काही प्रोग्रॅम कंट्रोल-ऑल्टचे शॉर्टकट ठेवतात आणि मग चिन्ह काढायला जावं तर भलतंच काही उघडतं. तसं झालं तर आधी इथे बघा.

आता करंगळी. कॅप्स लॉकच्या जागी कंट्रोल आणा. मराठी आणि कन्नडमध्ये मोठी-लहान अक्षरं नसतात, म्हणजे आपल्या दोन तृतीयांश लिखाणाला कॅप्स लॉकचा काडीचा उपयोग नाही, आणि ते बसलंय मात्र बोटांच्या मुख्य ओळीत. १९८१ च्या पहिल्या आयबीएम पीसीवर कंट्रोल एच्या शेजारीच होतं. नंतरच्या १०१ बटणांच्या कीबोर्डवर ते खाली कोपऱ्यात गेलं आणि जगभर तेच रूढ झालं. ईमॅक्स त्याही आधीचा, १९७६ चा. एमआयटीच्या लिस्प मशीनच्या कीबोर्डवर कंट्रोल, मेटा, सुपर, हायपर हे चौघे स्पेसच्या दोन्ही बाजूंना रांगेने होते, अंगठ्याच्या टप्प्यात. ते कीबोर्ड गेले, कमांडी तशाच राहिल्या. करंगळीवरचा भार आलाय तो या बदललेल्या जागेमुळे.

अनगोळ नाका

सेटएक्सकेबीमॅप या कमांडला 'सीटीआरएल कोलन नोकॅप्स' हा कॅप्स लॉकचा कंट्रोल करणारा पर्याय दिला. काहीच फरक नाही. एररही नाही.

मलप्रभा (खानापूर)

वेलँडवर (पडद्यावर खिडक्या दाखवणारी नवी यंत्रणा, जुनी ती एक्स-११) लॉगिन आहे तुझं. सेटएक्सकेबीमॅप एक्स-११ च्या सेशनला लागू होतं, वेलँडवर फार तर जुन्या एक्स प्रोग्रॅमांना. ग्नोम ट्वीक्समध्ये कीबोर्डचे जादा पर्याय उघड, कंट्रोलची जागा तिथे मिळेल. किंवा कीडी हा बटणं बदलून देणारा प्रोग्रॅम बसव. तो कर्नलच्या पातळीवर काम करतो, त्यामुळे एक्स असो, वेलँड असो की काळा कन्सोल, सगळीकडे सारखंच. कीडीत आणखी एक करता येतं: कॅप्स लॉक नुसतं दाबून सोडलं तर एस्केप, धरून ठेवलं तर कंट्रोल.

अनगोळ नाका

झालं! कीडीनं लगेच झालं. मग होम रो मॉड्स पण लावू का? ए, एस, डी, एफ धरून ठेवले की कंट्रोल, ऑल्ट वगैरे. यूट्यूबवर सगळे तेच सांगूलालेत.

मलप्रभा (खानापूर)

इंग्रजी लिहिणाऱ्यांना ते जमतं. इनस्क्रिप्टवर डाव्या हाताला मी ते लावणार नाही, आणि कारण सांगते. ए, एस, डी, एफ वर इनस्क्रिप्टमध्ये ओकार, एकार, हलन्त आणि पहिली वेलांटी आहे. प्रत्येक दुसऱ्या-तिसऱ्या अक्षराला डावा हात तिथेच पडतो. उजव्या हाताचं व्यंजन सुटायच्या आत डाव्या हाताची मात्रा दाबली जाते, आणि पुढचं व्यंजन यायच्या आत ती सुटलेली नसते. असं एकावर एक बटण पडलं की सॉफ्टवेअरला कळत नाही की तू मात्रा देतोयस की कंट्रोल धरलंयस. हलन्त तर जोडाक्षरागणिक. 'राष्ट्र' लिहिताना तो दोनदा लागतो. वाटेत एकदा जरी तो कंट्रोल झाला तर शब्द तुटणार आणि वर एखादी कमांडही चालून जाणार.

शिफ्टचं मात्र बघण्यासारखं आहे. इनस्क्रिप्टमध्ये ख, घ, छ, थ, ध, फ, भ, श, ण, ळ सगळे शिफ्टवर. इंग्रजीत शिफ्ट वाक्यागणिक, इथे शब्दागणिक. कीडीत शिफ्टला 'वनशॉट' करता येतं: शिफ्ट दाबून सोडायचं, पुढचं एकच अक्षर शिफ्टचं येतं. धरून ठेवणं संपतं. मार्कंडेयकाठ, तुमच्या करंगळीला कंट्रोलइतकंच हे शिफ्टही कारण असेल. आणि हात बसवताना अक्षर ज्या हाताचं त्याच्या विरुद्ध हाताचं शिफ्ट वापरायचं. ही व्यंजनं बहुतेक उजव्या हाताची, म्हणजे सगळा भार डाव्या करंगळीवरच येतो. वनशॉटनं तोच हलका होतो.

वेदगंगा (निपाणी)

ईमॅक्समध्ये व्हिम या दुसऱ्या एडिटरसारखं चालवणारे कुणी असतील तर: त्यासाठीचं एव्हिल हे पॅकेज वापरताना ईमॅक्सची आतली इनपुट मेथड नॉर्मल (कमांड देण्याच्या) अवस्थेत गेल्यावर आपोआप थांबते आणि इन्सर्टमध्ये (मजकूर लिहिण्याच्या अवस्थेत) आल्यावर परत चालू होते. साध्या व्हिममध्ये सिस्टिमचा लेआउट देवनागरी ठेवला तर नॉर्मल मोडमधलं एकही अक्षर चालत नाही, कारण तिथे कमांडी म्हणजे साधी अक्षरंच. त्याला लँगमॅप नावाचा पर्याय आहे, एकेका अक्षराची जोडी लिहून द्यायची.

शहापूर डीटीपी

मुलाचा नवा लॅपटॉप आहे, त्यावर उजवं कंट्रोलच नाही, कोपायलटचं बटण आहे. त्याचं काही करता येतं का?

मलप्रभा (खानापूर)

येतं, काका. ते बटण प्रत्यक्षात डावं शिफ्ट, विंडोज आणि एफ-२३ अशी तीन बटणं एकदम दाबल्यासारखं पाठवतं. कीडीत त्या तिघांची जोडी पकडून उजवं कंट्रोल करता येतं. विंडोजवर त्यासाठी मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइजचं कीबोर्ड मॅनेजर आहे.

मार्कंडेयकाठ (टिळकवाडी, बेळगाव)

सगळं बसवलं. कॅप्सचं कंट्रोल, वनशॉट शिफ्ट, कंट्रोल-सी एम आणि के, कर्सरचे रंग. काल आमच्या सगळ्या गटांच्या पहाण्या समोर ठेवून तिन्ही भाषांत टिपण केलं, एकदाही कमांड चुकीच्या ठिकाणी गेली नाही. ताई, मनापासून आभार.

एकच राहिलं. शोधताना, म्हणजे कंट्रोल-एस दाबून खालच्या ओळीत कन्नड शब्द टाकायचा तर कंट्रोल-सी के चालत नाही, शोधच बंद पडतो. आणि कधी कुठलं बटण काय पाठवतंय ते बघायचं असेल तर कसं बघायचं?

मलप्रभा (खानापूर)

शोध चालू असताना कंट्रोल-उलटी रेघ दाबा, शेवटची मेथड तिथेच चालू होते. दुसरी हवी असेल तर कंट्रोल-कॅरेट, म्हणजे ६ वरचं चिन्ह. तो नाव विचारेल आणि शोध मोडणार नाही.

बटण तपासायला कंट्रोल-एच आणि के, मग ते बटण दाबायचं. मागची सगळी बटणं बघायची तर कंट्रोल-एच आणि एल. चुकून सिस्टिमचा लेआउट मराठी राहिला असेल तर कंट्रोल-एचसुद्धा कंट्रोल-प होऊन बसतो. अशा वेळी एफ-१ दाबा, तेही मदतीचंच बटण आहे आणि कुठल्याही लेआउटमध्ये बदलत नाही. पण पुढचं के किंवा एल रोमनच लागतं, म्हणून एफ-१ नंतर लेआउट इंग्रजी करून मगच ते दाबा.